चार्जिंग पोर्टचं झाकण अडून बसलं तर?



आपल्या शिकागो परिसरातल्या कितीतरी मराठी घरांत आता एक तरी इलेक्ट्रिक गाडी आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की पार्किंगमध्येच त्यावर चर्चा सुरू होते. रेंज किती मिळते, घरी चार्जर बसवायला इलेक्ट्रिशियनने किती घेतले, वगैरे वगैरे. पण एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही, आणि ती म्हणजे चार्जिंग पोर्टवरचं ते तळहाताएवढं झाकण. ते उघडतं तोवर त्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही. ज्या दिवशी उघडत नाही, त्या दिवशी मात्र हजारो डॉलर्सची गाडी दारात नुसती उभी राहते.

आमच्याकडे हा प्रसंग आला तो जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी. बाहेर उणे ८ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या भाषेत उणे २२ सेल्सिअस. संध्याकाळी आईबाबा भारतातून ओहेअरला उतरणार होते. आदल्या दिवशी गाडी धुऊन आणली होती (पाहुणे येणार म्हणून हौस!), रात्री बाहेरच उभी होती, आणि बॅटरी १८ टक्क्यांवर. सकाळी चार्जिंगला लावायला गेलो तर झाकण जागचं हलेना. मी काय केलं असेल? चहाचं आधण चुलीवर होतं, तेच नेऊन ओतलं. झाकण टचकन उघडलं! मी स्वतःवर भलताच खूष. दुपारी प्लग काढला तेव्हा झाकण बंद होईना, कारण ते सगळं पाणी आतल्या खिट्टीत जाऊन गोठलं होतं. पुढे काय झालं ते ओघात येईलच. पण त्यानिमित्ताने बरंच वाचलं, विचारलं, स्वतः हात काळे केले. ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी नेमकं काय अडलंय ते ओळखा

"चार्जिंगचं झाकण बिघडलंय" असं आपण म्हणतो, पण तिथे खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की उपायही चुकतो. पहिलं, बाहेरचं गाडीच्या रंगाचं झाकण. दुसरं, बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत पिनांवर बसणारं रबराचं किंवा प्लास्टिकचं टोपण. आणि तिसरं, प्लग लावल्यावर त्याला आतून पकडून ठेवणारी कुलपाची पिन. झाकण उघडत नाही हा एक प्रश्न झाला. प्लग निघत नाही हा अगदी निराळा. दुसऱ्यासाठी झाकणाची बिजागरी साफ करून काही उपयोग नाही.

बाहेरच्या झाकणाचेही दोन प्रकार आहेत. साधा प्रकार बॉलपेनसारखा चालतो: एकदा दाबलं की बाहेर, पुन्हा दाबलं की आत. शेवी बोल्टचं किंवा फोक्सवॅगन आयडी.४ चं झाकण या जातीचं. दुसरा प्रकार मोटरवर चालणारा. टेस्लाच्या गाड्या, ह्युंदाई आयोनिक ५, पोर्शे टायकान यांची झाकणं आपोआप उघडतात आणि मिटतात. मोटरवालं झाकण अर्धवट उघडून थांबलं तर हाताने ओढून पूर्ण उघडायचा मोह होतो. तो आवरा. आतले गिअर लहान असतात, आणि ते एकदा घसरले की पुढचं काम घरी होत नाही.

झाकण कुठे आहे यावरही दुखणं ठरतं. जुन्या निसान लीफ, पहिली कोना इलेक्ट्रिक, किया नीरो यांचं झाकण गाडीच्या नाकावर. तिथे हायवेवर समोरचा बर्फाचा चिखल थेट येऊन थापला जातो. मागच्या बाजूला असलेल्या झाकणावर चाकाने उडवलेलं मीठ आणि पाणी येतं. ज्यांच्या गाडीचं झाकण नाकावर आहे त्यांनी हिमवर्षावात दूरवर जाऊन आल्यावर गॅरेजमध्ये शिरतानाच ते पुसून घ्यावं. पाच तासांनी तोच चिखल दगड झालेला असतो.

बिघाड नसलेले बिघाड

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघा. माझ्या ओळखीत झालेल्या निम्म्या "बिघाडां"चं मूळ यातच होतं.

एक, गाडी लॉक आहे का? अनेक गाड्यांत झाकणाची खिट्टी दारांच्या कुलपाशी जोडलेली असते. चावी घरात, गाडी लॉक, आणि आपण बाहेर झाकण दाबत बसलोय, असं होतं. गाडी अनलॉक करा, पाच सेकंद थांबा, मग दाबा. अनलॉक करताना झाकणाजवळ कान नेला तर बारीकसा "टक" आवाज यायला हवा. आवाज आला पण झाकण उघडलं नाही, तर बर्फ किंवा घाण. आवाजच नाही, तर विजेचा प्रश्न: फ्यूज, वायर किंवा ती खिट्टी हलवणारी छोटी मोटर.

दोन, १२ व्होल्टची बॅटरी. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी कुलूप, खिडक्या, पडदा आणि झाकण हे सगळं चालतं ते साध्या गाडीत असते तशा छोट्या बॅटरीवर. ती झोपली की झाकण उघडत नाही, आणि कसंबसं उघडलं तरी बहुतेक गाड्या चार्जिंगही सुरू करत नाहीत, कारण मोठ्या बॅटरीची दारं उघडायलाही याच छोटीचा हुकूम लागतो. दिवे मिणमिणत असतील, पडद्यावर एकदम दहा सूचना येत असतील, तर झाकणाचा नाद सोडा आणि आधी मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने १२ व्होल्टला जीवदान द्या. भारतात सुट्टीला चार-पाच आठवडे जाऊन आल्यावर हा अनुभव विशेष येतो.

बर्फाने धरलेलं झाकण

आता आपल्याकडचा मुख्य शत्रू. झाकण आणि बॉडी यांच्या फटीत पाणी शिरतं, रबरी कडेला चिकटून गोठतं, आणि झाकण अक्षरशः डिंकाने चिकटवल्यासारखं बसतं. ही चिकट मोडायची ती हळूहळू.

सगळ्यात चांगला उपाय आपल्या प्रत्येक मराठी घरात असतो: गरम पाण्याची रबरी पिशवी! कंबरेच्या दुखण्यासाठी आईने बॅगेत घालून आणलेली तीच. कोमट-गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं झाकणावर धरून ठेवा. मग तळहाताच्या टाचेने कडेकडेने हलके थोपटा. बर्फ कडकड आवाज करत सुटतो. एकही थेंब आत जात नाही हे याचं वैशिष्ट्य. गॅरेजमध्ये प्लग पॉइंट असेल तर हेअर ड्रायरही चालतो, पण कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, आणि एकाच जागी न रोखता.

काही गाड्यांत पोर्टजवळच एक लहानसा हीटर असतो. टेस्लाच्या ज्या गाड्यांत तो आहे तिथे कडक थंडीत मागच्या काचेचा डिफ्रॉस्ट लावला की तोही चालू होतो. फोनवरच्या ॲपमधून गाडी आधी गरम करून ठेवली तरी फायदा होतो. मात्र हीटर नसलेल्या गाडीत नुसती केबिन गरम करून मागच्या कोपऱ्यातलं झाकण सुटेल अशी फार आशा धरू नका.

आता काय करू नये. उकळतं पाणी ओतू नये, ते मी तुमच्या वतीने करून बघितलेलं आहे. कडाक्याच्या थंडीत ते मिनिटांत पुन्हा गोठतं आणि यावेळी फटीत नव्हे, थेट यंत्रात. शिवाय रंगाला आणि प्लास्टिकला तो धक्का सोसत नाही. बर्फ खरवडायच्या पट्टीने किंवा स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटू नये. ज्यावर झाकण अडकतं तो प्लास्टिकचा आकडा करंगळीच्या नखाएवढा असतो, आणि तोच पहिला तुटतो. बर्फ वितळवणारा अल्कोहोलचा स्प्रे फक्त बाहेरच्या फटीत, थोडासा, कापडाने पुसत वापरावा. उघड्या पोर्टमध्ये तो फवारू नये.

तेल कुठलं?

ही एक स्वतंत्र कथाच आहे. बाबा त्या संध्याकाळी सुखरूप घरी आले (शेजाऱ्यांच्या पेट्रोलच्या गाडीतून, त्यांचे उपकार). दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते गॅरेजमध्ये आले, झाकणाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, याची खिट्टी आत अडकलीये. थोडं खोबरेल सोड." आमच्या गावच्या घरातल्या एकूणएक बिजागऱ्या त्यांनी चाळीस वर्षं खोबरेलावर चालवल्या आहेत! निदान शंभर टक्के बरोबर होतं. औषध मात्र या देशाचं नव्हतं. खोबरेल साधारण २४ सेल्सिअसच्या खाली थिजतं. आपल्या गॅरेजमध्ये त्याची मेणबत्ती होते.

मग काय लावावं? बाजूच्या रबरी कडेला सिलिकॉनचा स्प्रे, तोही आधी फडक्यावर मारून मग फडक्याने कडेवर पुसून. थेट फवारला तर तो पिनांवर जाऊन बसतो आणि तिथे तो नको आहे. बिजागरीला कोरडा टेफ्लॉनचा स्प्रे चांगला, कारण त्याला धूळ चिकटत नाही. व्हॅसलीन आणि तत्सम पेट्रोलियमचे पदार्थ टाळा. गाड्यांच्या रबरी कडा ज्या जातीच्या रबराच्या असतात ते अशा तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात झाकण जास्तच चिकटणार. घराघरात असलेला डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायला उत्तम आहे, पण चार्जिंगच्या पिनांवर मारायची ती वस्तू नाही.

ही सिलिकॉनची पुसणी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एकदा करून टाकावी. गाडी धुऊन आणल्यावर झाकण उघडून कड कोरडी करावी. एवढं केलं की जानेवारीतली निम्मी कटकट वाचते. आणि गाडी धुवायला यंत्रात घालताना ती लॉक करा, किंवा कार वॉशची वेगळी सोय असेल तर ती लावा. नाहीतर ब्रश झाकण दाबतो, झाकण उघडतं आणि पुढचा ब्रश त्याची बिजागरी वाकवतो.

उघडतं, पण मिटत नाही

हा माझा मूळ आजार. आधी बघायचं ते आतलं टोपण. त्याची रबरी दोरी झाकणाच्या आड येते आणि आपण झाकणाला दोष देतो. टोपण नीट बसवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

तसं नसेल तर खिट्टी तपासा. झाकण उघडल्यावर चौकटीच्या कडेला एक छोटा दांडा दिसतो. तो बोटाने दाबला की आत जाऊन अडकायला आणि पुन्हा दाबला की बाहेर यायला हवा. तो आतच राहत असेल, तर आत बर्फ, मिठाची पांढरी पावडर किंवा वाळू गेलेली असते. माझ्या खिट्टीत गोठलेल्या पाण्याबरोबर रस्त्यावरच्या मिठाची चांगली चिमूटभर निघाली. गॅरेज गरम करून ती वितळू दिली, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने दांड्याभोवतीचं सगळं पुसलं, वीस-पंचवीस वेळा दाबून सोडून बघितलं, थोडा कोरडा स्प्रे, झालं. खर्च: काड्यांचा. त्याच दुखण्यासाठी मला एका सर्व्हिस सेंटरने फोनवर "अख्खी चौकट बदलावी लागेल, पार्टला तीन आठवडे" असं सांगितलं होतं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना खिट्टी साफ करायला लागणारा वेळ नवा भाग बसवण्यापेक्षा महाग पडतो, इतकंच.

दांडा ठीक असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूचा आकडा बघा. तो तुटला असेल तर चिकटवू नका. थंडीत तो जोड टिकत नाही. अनेक गाड्यांत झाकण एक-दोन स्टारच्या आकाराच्या स्क्रूंवर बसलेलं असतं आणि तेवढंच वेगळं विकत मिळतं. गाडीचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन नंबर देऊन पार्ट मागवा, आणि गाडीच्या रंगात येतो की रंगवायचा राहतो ते आधी विचारा. स्प्रिंग गेली असेल तर झाकण लुळं लोंबतं. तेही बहुधा झाकणाबरोबरच बदलतात.

इथवरची कामं घरी करण्यासारखी. त्याच्या पुढे एक लक्ष्मणरेषा आहे आणि तिचा रंग नारिंगी आहे. चार्जिंग पोर्टच्या मागून जाड नारिंगी वायरी निघतात. त्या बॅटरीकडे जातात. साधारण ४०० व्होल्टच्या, आणि आयोनिक ५ किंवा टायकानसारख्या गाड्यांत ८०० व्होल्टच्या यंत्रणेच्या. ज्या कामासाठी त्या वायरींपर्यंत पोचावं लागेल किंवा पोर्टचे बोल्ट काढावे लागतील, ते काम आपलं नाही. यूट्यूबवर कोणी ते हसतखेळत करून दाखवत असलं तरीही नाही.

बाहेरून पोर्टला हात लागला तर शॉक बसेल का, असं घरची मंडळी विचारतात. नुसत्या उघड्या पोर्टच्या पिनांत वीज नसते. प्लग लागल्यावर चार्जर आणि गाडी आधी १२ व्होल्टच्या एका संकेताने एकमेकांशी बोलतात, सगळं ठीक असल्याची खात्री करतात, आणि मगच मोठी वीज सोडली जाते. म्हणूनच पावसात किंवा बर्फात चार्जिंग करता येतं. पण म्हणून पिना टाचणीने कोरायच्या नाहीत. मुलांनाही हे एकदा नीट सांगून ठेवावं. खरं नुकसान होतं ते हळूहळू: झाकण महिनोन्‌महिने उघडं राहिलं की मिठाचं पाणी पिनांवर बसतं, त्या काळवंडतात, आणि काळवंडलेली पिन चार्जिंगच्या वेळी तापते. प्लग काढल्यावर तो हाताला नेहमीपेक्षा जास्त गरम लागला, किंवा पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी दिसलं, तर चार्जिंग थांबवा आणि गाडी दाखवायला न्या. तिथे घरगुती उपाय नाही.

पार्ट येईपर्यंत काय? आतलं टोपण घट्ट लावा आणि बाहेरचं झाकण रंगाऱ्यांच्या निळ्या टेपने बंद करा. करड्या डक्ट टेपने करू नका, ती काढताना रंग घेऊन येते. झाकण फडफडत ठेवून आय-९० वर सत्तरच्या वेगाने गेलात तर दुरुस्ती बिजागरीपर्यंत पोचेल.

प्लग आतच अडकला तर

आधी चार्जिंग थांबवा, पडद्यावर थांबल्याचं बघा, मग गाडी अनलॉक करा. प्लग सरळ ओढण्याऐवजी एकदा किंचित आत दाबा आणि मग ओढा. कुलपाच्या पिनेवरचा ताण गेला की पुष्कळदा ती सुटते. नाहीच सुटली तर अनेक गाड्यांत हाताने ओढायची एक दोरी दिलेली असते. टेस्ला मॉडेल ३ मध्ये ती डिकीत डाव्या बाजूला असते. आधी दोरी ओढायची आणि मग प्लग काढायचा, दोन्ही एकदम नाही, असं कंपनी बजावते. आपल्या गाडीत ती कुठे आहे हे उन्हाळ्यातच मॅन्युअल उघडून बघून ठेवा. प्लग अडकलेला असताना गाडी हलत नाही, म्हणजे तुम्ही त्या चार्जरवर अडकता आणि मागची रांगही.

जानेवारी २०२४ च्या थंडीच्या लाटेत ओक ब्रूकच्या चार्जिंग स्टेशनवर गाड्यांच्या रांगा लागलेल्या तुम्हाला आठवत असतील. तिथला मुख्य प्रश्न गारठलेल्या बॅटऱ्या हळू चार्ज होण्याचा होता, झाकणाचा नव्हे. पण अशा दिवसांत २० टक्क्यांच्या खाली गाडी येऊ देणं आणि ती बाहेर उभी करणं या दोन गोष्टी एकत्र करू नयेत, हे मी आता पाळतो.

पैसे कोण भरणार?

इथे बरेच जण फसतात. इलेक्ट्रिक गाडीची "आठ वर्षं, एक लाख मैल" ही जी वॉरंटी आपण ऐकतो ती बॅटरी आणि मोटरसारख्या भागांची. झाकण येतं साध्या, बेसिक वॉरंटीत. ती अमेरिकेत शेवी, फोर्ड आणि निसानची तीन वर्षं किंवा ३६ हजार मैल, टेस्लाची चार वर्षं किंवा ५० हजार मैल, ह्युंदाई आणि कियाची पाच वर्षं किंवा ६० हजार मैल अशी आहे. यातलं जे आधी संपेल ते. म्हणून मुदत संपायला दोन-तीन महिने असताना झाकण कुरकुरत असेल तर "बघू नंतर" करू नका. फोटो आणि व्हिडिओ काढा, तारखेसह तक्रार लेखी नोंदवा. नंतर मुदत संपली तरी तक्रार आधीची आहे हे दाखवता येतं.

मुदत संपली असेल तरी डीलरला दोन प्रश्न जरूर विचारा. या गाडीच्या झाकणाबद्दल टीएसबी, म्हणजे कंपनीने सर्व्हिसवाल्यांना पाठवलेली सूचना, निघाली आहे का? आणि काही रिकॉल आहे का? रिकॉल तर घरबसल्या कळतो. एनएचटीएसएच्या वेबसाइटवर व्हीआयएन टाकला की फुकट माहिती मिळते, आणि रिकॉलची दुरुस्तीही फुकट असते. "तुम्ही स्वतः सिलिकॉन लावलंत, आता वॉरंटी गेली" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार तुमच्याच कृतीने तो भाग बिघडला असेल तरच त्यांना हात झटकता येतात. उचकटून तोडलेला आकडा मात्र त्यात मोडतो, आणि तो बघताक्षणी ओळखू येतो!

माझ्या गाडीचं झाकण त्यानंतर दोन हिवाळे न कुरकुरता चाललं आहे. गॅरेजच्या फळीवर आता एक छोटा डबा असतो: सिलिकॉनचा स्प्रे, कापसाच्या काड्या, जुना मऊ पंचा, निळी टेप आणि ती रबरी पिशवी. आईने परत जाताना विचारलं होतं, "माझी पिशवी कुठे दिसत नाही ती?" तिला नवी घेऊन दिली.